साधनव्यक्ती झालात? स्वतःची बलस्थानं आणि मूल्यं तपासायची पद्धत

वर्गावर शिकवत असताना आपण कसे शिक्षक आहोत हे रोज कळत असतं. मुलांच्या चेहऱ्यावरून कळतं, वह्यांवरून कळतं, मधल्या सुट्टीत कोण आपल्याभोवती घुटमळतं त्यावरून कळतं. साधनव्यक्ती (तालुक्यातल्या शिक्षकांना विषयाची मदत करणारी व्यक्ती) किंवा केंद्रप्रमुख (आसपासच्या काही शाळांचं केंद्र सांभाळणारी व्यक्ती) म्हणून आदेश हातात पडला की हा आधार सुटतो. वर्ग दुसऱ्याचा, मुलं दुसऱ्याची, आणि आपल्या भेटीचा काही उपयोग झाला का ते समजायला दोन-तीन महिने जावे लागतात. तोपर्यंत नवीन माणूस बहुधा दोन गोष्टींपैकी एक होऊन बसतो: साहेब, नाहीतर वरून आलेले निरोप खाली पोचवणारा. शिक्षकाला या दोघांचाही उपयोग नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते, नंतर गटसाधन केंद्रात, म्हणजे शिक्षकांना मदत करणाऱ्या तालुक्याच्या केंद्रात, गणिताची साधनव्यक्ती म्हणून काम केलं. या कामात नव्याने येणाऱ्यांना आदेश मिळतो, भेटींचे तक्ते मिळतात, प्रशिक्षणही मिळतं. मात्र ‘शिक्षकासमोर बसताना माझ्याकडे देण्यासारखं नेमकं काय आहे आणि मी कशाला महत्त्व देते’ हा प्रश्न कोणी विचारत नाही. तो स्वतःच विचारायचा असतो, आणि लिहून विचारायचा असतो. त्याची पद्धत इथे क्रमाने दिली आहे. खाजगी शाळेतले शैक्षणिक समन्वयक आणि संस्थांचे तालुका समन्वयक यांनाही ती जशीच्या तशी वापरता येईल.

आधी हे जवळ ठेवा

– स्वतःची एक शंभर पानी वही. शाळेतलं लॉगबुक (भेटीचे शेरे लिहायची वही) वेगळं. ते शाळेचं असतं आणि उद्या कोणीही वाचू शकतं. ही वही फक्त तुमची, ती कार्यालयातल्या कपाटात नको, घरी ठेवा.
– नेमणुकीचा आदेश आणि सोबतचा जॉबचार्ट (कामांची यादी).
– फिरतीची दैनंदिनी आणि मासिक नियोजन. नवीनच असाल तर पहिल्या दोन महिन्यांची साठू द्या.
– शिक्षण परिषदांचे (केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकांचे) इतिवृत्त आणि तुम्ही घेतलेल्या सत्रांची टिपणं.
– आधीच्या वर्षांच्या गोपनीय अहवालातला स्वयंमूल्यमापनाचा भाग. स्वतःबद्दल आपण अधिकृतपणे काय लिहीत आलो ते त्यात दिसतं.
– मोबाइलवर आवाज मुद्रित करण्याची सोय. समोरच्याची परवानगी घेऊनच.
– एक विश्वासू माणूस, जो तुमचा वरिष्ठही नाही आणि तुमच्या हाताखालचाही नाही. शेजारच्या तालुक्यातली साधनव्यक्ती यासाठी उत्तम.

ॲप, छापील तक्ते, रंगीत कार्ड यांची गरज नाही.

१. भूमिका आधी कागदावर मांडा

वहीच्या पहिल्या पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात आदेशात लिहिलेली कामं. दुसऱ्यात शिक्षक तुमच्याकडून काय अपेक्षा करतात ते. अंदाजाने लिहू नका, चार-पाच जणांना विचारा. तिसऱ्यात तुम्हाला स्वतःला हे काम का करावंसं वाटलं ते.

पहिला रकाना भराभर भरतो. शाळाभेटी, शिक्षण परिषद, यू-डायस प्लसची (शाळांच्या सरकारी माहिती-प्रणालीची) माहिती, पोषण आहाराची पाहणी, प्रशिक्षणांचं नियोजन, परीक्षांची कामं. महाराष्ट्रात १९९४ मध्ये केंद्रप्रमुखाचं पद आलं आणि राज्यभर ४८६० केंद्रं ठरली, साधारण दहा शाळांमागे एक. शिक्षकाला जवळ कोणीतरी शैक्षणिक मदत करणारं असावं, हा त्यामागचा विचार. तीस वर्षांत त्या पदावर प्रशासनाची कामं चढत गेली. हे लक्षात ठेवायला हवं, कारण तुम्ही जागरूक राहिला नाहीत तर तुमचा आठवडा माहिती गोळा करण्यातच संपेल आणि आपण कुठे कमी पडलो हेही कळणार नाही.

दुसऱ्या रकान्यात बहुतेक वेळा एक साधी मागणी येते: ‘आमच्या वर्गात येऊन एकदा करून दाखवा.’ ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या सुमारास हेच मांडलं होतं. प्रशिक्षणात ऐकलेली पद्धत वर्गात उतरायची असेल तर ती करून दाखवणारं, सराव करून घेणारं आणि नंतर वर्गात सोबत राहणारं कोणीतरी लागतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाला द्यावेत असं म्हणतं. त्या ५० तासांतून वर्गात काय पोचतं ते तुमच्यासारख्यांवर अवलंबून आहे.

तिसरा रकाना सगळ्यांत अवघड. ‘बदलीच्या कटकटीतून सुटका’ हे कारण खरं असेल तर तेही लिहा. वही तुमचीच आहे.

इथला खड्डा: तिन्ही रकाने एकसारखे दिसायला लागले तर तुम्ही स्वतःला बरं वाटेल असं लिहीत आहात. खऱ्या कागदावर ते एकमेकांशी भांडतात.

२. प्रसंग लिहा, विशेषणं लिहू नका

‘मी मनमिळाऊ आहे’, ‘माझं विषयज्ञान चांगलं आहे’, ‘मी संवाद उत्तम साधते’ अशी वाक्यं गोपनीय अहवालात चालतात. इथे ती काहीच सांगत नाहीत. त्याऐवजी शिक्षकांसोबतचे आठ-दहा प्रसंग लिहा. निम्मे जमून आलेले, निम्मे न जमलेले. प्रत्येकात चार गोष्टी हव्यात: वर्गात काय चाललं होतं, मी काय केलं किंवा म्हटलं, शिक्षकाने पुढे काय केलं, मला आतून कसं वाटलं.

नमुन्यासाठी एक नोंद देते. शाळा आणि शिक्षक ओळखू येणार नाहीत अशीच ती लिहिली आहे:

‘तिसरीचा वर्ग. फळ्यावर ५२ वजा २७. सहा मुलांचं उत्तर ३५. बाईंनी चूक म्हणून खोडलं, २५ लिहून दिलं, पुढचं गणित घेतलं. तास संपल्यावर मी एका मुलीची वही मधे ठेवून विचारलं, “बाई, हे ३५ कुठून आलं असेल?” बाई वहीकडे बघत राहिल्या. मी बोलले नाही. मग म्हणाल्या, “सातातून दोन काढले हिने. मोठ्यातून लहान. म्हणजे वरचा आकडा, खालचा आकडा असं काही तिच्या डोक्यातच नाही.” मी म्हटलं, उद्या काय कराल? म्हणाल्या, काड्यांचे गठ्ठे काढते, एक गठ्ठा सोडायला लावते. पुढच्या भेटीत गठ्ठे टेबलावर होते, रबरं सुटलेली. मला त्या दिवशी घरी जाताना थकवा नव्हता.’

या नोंदीत एकही गुणवाचक शब्द नाही. तरी दोन गोष्टी स्पष्ट दिसतात: चुकीच्या उत्तरामागचा विचार शोधण्याची सवय, आणि तो शिक्षकाला स्वतः सापडेपर्यंत गप्प बसण्याची ताकद. ‘संवाद उत्तम’ या दोन शब्दांत यातलं काय कळलं असतं?

न जमलेले प्रसंग लिहिताना हात आखडतो. शिक्षकाच्या अंगावर ढकलायचा मोह होतो: ‘त्यांना शिकायचंच नव्हतं.’ असं वाक्य आलं की ते खोडून शिक्षक प्रत्यक्ष काय म्हणाले तेवढंच लिहा. ‘सर म्हणाले, मॅडम, माझी निवृत्ती दोन वर्षांवर आलीय.’ यावर विचार करता येतो. ‘शिकायचंच नव्हतं’ यावर करता येत नाही.

भेट झाली त्याच संध्याकाळी लिहा. दोन दिवसांनी लिहिलेल्या प्रसंगात आपण जास्त शहाणे दिसतो.

३. प्रसंगांतून बलस्थानं काढा

सगळ्या नोंदी एका बैठकीत वाचा आणि तुम्ही केलेल्या क्रियांखाली रेघ मारा: विचारलं, थांबले, करून दाखवलं, मोजलं, समजूत घातली, जोडून दिलं, वाट बघितली. ज्या क्रिया पुन्हा पुन्हा येतात त्या वेगळ्या लिहा. मग प्रत्येकीला तीन प्रश्न विचारा.

– ही मी वेगवेगळ्या शिक्षकांसोबत केली आहे का, की एकाच आवडत्या शाळेत?
– तिच्यानंतर शिक्षकाच्या किंवा मुलांच्या करण्यात काही बदललं का?
– ती करताना मला हुरूप येतो का, की जमते पण दमवते?

तिन्हींना ‘हो’ आलं तर ते बलस्थान. पहिल्या दोनांनाच ‘हो’ आलं तर ते कौशल्य आहे. वापरावं, पण त्यावर सगळं काम उभं करू नये. मला तक्ते भरणं आणि आकडे जुळवणं चोख जमतं, पण दिवसभर तेच केलं की दुसऱ्या दिवशी वर्गात बसायची इच्छा राहत नाही. हा फरक ओळखला की आठवडा आखणं सोपं जातं.

नावं सुचत नसतील तर क्रिस्तोफर पीटरसन आणि मार्टिन सेलिग्मन या मानसशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये मांडलेली २४ स्वभावगुणांची यादी बघा. जिज्ञासा, न्यायबुद्धी, चिकाटी, विनय, कृतज्ञता, दूरदृष्टी असे गुण त्यांनी सहा गटांत बसवले आहेत. त्यावरची प्रश्नावली इंटरनेटवर मोफत भरता येते. मी तिचा उपयोग शब्दसंग्रहापुरता करायला सांगेन. प्रश्नावली भरताना आपण जसे आहोत तशी उत्तरं देतो की जसं असायला आवडेल तशी, हे आपल्यालाही कळत नाही. शिवाय तिथला क्रम तुमच्याच गुणांमधला असतो. ‘न्यायबुद्धी’ तुमच्या यादीत विसाव्या जागी आली म्हणून तुम्ही अन्यायी ठरत नाही. आधी प्रसंग, मग प्रश्नावली, हा क्रम उलटा करू नका.

शेवटी तीन बलस्थानं ठेवा. जास्त ठेवली की पुढचं काम पातळ होतं. प्रत्येक एका पूर्ण वाक्यात, क्रियापदासकट लिहा: ‘शिक्षक गोंधळलेला असतो तेव्हा मी विषयाचा सगळ्यात छोटा तुकडा शोधून तिथून सुरुवात करून देते.’

४. शिक्षकांकडून ऐका, पण खरं ऐकू येईल असं विचारा

जोसेफ लफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम यांनी १९५५ मध्ये चार खणांची एक खिडकी मांडली, दोघांच्या नावांवरून तिला जोहरी खिडकी म्हणतात. तिच्यातला एक खण आहे: जे दुसऱ्यांना दिसतं आणि आपल्याला दिसत नाही. आपल्या कामात हा खण मोठा असतो, कारण आपल्या हातात शेरा लिहायचा पेन असतो. ज्याच्या हातात तो पेन आहे त्याला कोणी तोंडावर खरं सांगत नाही.

म्हणून ‘माझं मार्गदर्शन कसं वाटलं?’ हे विचारूच नका. ‘छान, मॅडम’ यापलीकडे उत्तर येणार नाही. असे विचारा:

– मागच्या भेटीनंतर वर्गात काही वेगळं करून पाहिलंत का? नसेल तर काय आड आलं?
– मी येणार म्हटल्यावर तुम्ही कशाची तयारी करता?
– माझ्या बोलण्यातलं काय टाळलं असतं तर तुमचा वेळ वाचला असता?

दुसरा प्रश्न फार बोलका आहे. ‘फळा सजवतो, टाचण (पाठाची लेखी तयारी) पूर्ण करतो’ असं उत्तर आलं तर समजा, तुमची भेट अजून तपासणीच आहे.

शिक्षण परिषदेत नाव न लिहिता चिठ्ठ्या मागवायची पद्धत सर्रास आहे. वीस-पंचवीस शिक्षकांच्या केंद्रात अक्षर ओळखू येतं, आणि ते ओळखू येतं हे शिक्षकांनाही ठाऊक असतं. चिठ्ठीवर पाच वाक्यं छापून फक्त खुणा करायला सांगा, आणि गोळा करायचं काम त्यांच्यापैकीच एकाला द्या. निकाल सगळ्यांसमोर वाचा, तोही स्पष्टीकरण न देता. स्पष्टीकरण दिलंत की पुढच्या वेळी सगळ्या खुणा ‘उत्तम’वर येतील.

तिसरा मार्ग मला सगळ्यात खात्रीचा वाटतो. पाठानंतरची तुमची आणि शिक्षकाची चर्चा परवानगी घेऊन मुद्रित करा आणि घरी ऐका. दोन गोष्टी मोजा: किती वेळ तुम्ही बोललात, आणि प्रश्न विचारल्यावर किती सेकंद थांबलात. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांचा अभ्यास केला तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून साधारण एकच सेकंद थांबतात असं दिसलं. ते थांबणं तीन सेकंदांपर्यंत वाढलं की मुलांची उत्तरं लांबतात, न बोलणारी मुलं बोलू लागतात. आपण शिक्षकांना हे प्रशिक्षणात शिकवतो. आपल्या चर्चेत आपण किती थांबतो, ते मुद्रणावरूनच कळतं. ऐकून झालं की मुद्रण पुसा आणि पुसल्याचं शिक्षकाला कळवा.

५. बलस्थान कुठे नडतं ते पाहा

हा भाग घाईने उरकू नका. माझ्या अनुभवात शिक्षकांना आपल्यासारख्या साधनव्यक्तींच्या उणिवांचा जितका त्रास होतो त्याहून जास्त त्रास आपण अति वापरलेल्या गुणांचा होतो. उणीव आपल्याला माहीत असते, तिथे आपण जपून वागतो. गुणाबद्दल मनात शंकाच नसते.

विषयाची चांगली जाण घ्या. अपूर्णांक शिकवताना शिक्षक अडखळले की अशा माणसाचा हात आपोआप खडूकडे जातो. पाठ सुंदर होतो, मुलं खूश होतात, आणि शिक्षक स्वतःच्या वर्गात मागे उभे राहतात. मुलांनी ते पाहिलेलं असतं. दुसऱ्या दिवशी त्या शिक्षकाला त्याच मुलांसमोर उभं राहायचं आहे. करून दाखवणं वाईट नाही. शिक्षकांनीच ते मागितलेलं असतं. पण ते आधी ठरवून व्हावं, पाठाचा कुठला भाग कोण घेणार हे दोघांनी मिळून लिहिलेलं असावं.

आपुलकीचंही तसंच. जिव्हाळ्याने वागणाऱ्या साधनव्यक्तीची सगळे वाट पाहतात, चहा होतो, घरची विचारपूस होते. आणि ‘मागच्या बाकावरच्या चार मुलांना तुम्ही तासभरात एकदाही प्रश्न विचारला नाहीत’ हे वाक्य सांगायचं राहून जातं. तसं वाक्य न सांगणं ही त्या चार मुलांच्या वाट्याला आलेली गैरसोय आहे. अशा स्वभावाच्या माणसाने निरीक्षण आकड्यांत घ्यावं. वर्गाची बैठक कागदावर काढायची आणि शिक्षकाने ज्याला प्रश्न विचारला त्याच्या जागी टिंब द्यायचं. चर्चेत तो कागद मधे ठेवला की तुम्हाला कठोर बोलावंच लागत नाही. मोकळे राहिलेले चौकोन शिक्षकांनाच दिसतात.

उत्साही माणूस एका भेटीत पाच उपक्रम सुचवतो आणि एकही होत नाही. नोंदींत काटेकोर असलेला माणूस फाइल पूर्ण करून घेतो आणि वर्ग होता तसाच राहतो. चिकाटीचा माणूस ज्या शिक्षकाला आत्ता घरच्या आजारपणाने ग्रासलंय त्याच्याही मागे लागतो.

तुमच्या तीनही बलस्थानांपुढे दोन वाक्यं लिहा: ‘हे जास्त झालं की शिक्षकाला … होतं’ आणि ‘ते होऊ नये म्हणून मी … करेन’. दुसरं वाक्य कृतीचं हवं. ‘काळजी घेईन’ चालणार नाही. ‘एका भेटीत एकच गोष्ट सुचवेन आणि ती शिक्षकाच्या शब्दांत लिहून घेईन’ हे चालेल.

६. मूल्यं ओढाताणीत शोधा

मूल्यांची यादी कोणालाही लिहिता येते. समता, प्रामाणिकपणा, बालककेंद्री दृष्टी. दोन चांगल्या गोष्टी एकाच वेळी करता येत नाहीत तेव्हा आपण कुठली धरतो आणि कुठली सोडतो, त्यात आपलं मूल्य असतं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामाकडे या नजरेने पाहा. १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे १९५७ पासून कोसबाडला त्यांनी आदिवासी मुलांसाठी काम केलं. मुलं शाळेत येत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी पालकांना दोष दिला नाही. बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली, गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. त्यांचं एकही भाषण वाचलं नाही तरी नीटनेटक्या इमारतीपेक्षा त्यांना मूल महत्त्वाचं वाटत होतं हे कळतं. निर्णयच ते सांगतो.

आपल्या आयुष्यात प्रसंग इतके मोठे नसतात, पण रोज येतात. पुढच्या तिन्हींवर वहीत उत्तर लिहा. काय करायला हवं ते लिहू नका. मागच्या वेळी प्रत्यक्ष काय केलंत ते लिहा.

पहिला. तुम्ही चौथीच्या वर्गात पाठ बघत आहात. साडेअकराला व्हॉट्सॲपवर संदेश येतो, दुपारी तीनपर्यंत दहाही शाळांची माहिती हवी. तुम्ही मोबाइल हातात घेता का? वर्गातून उठता का? शिक्षकाला पाठ थांबवून आकडे विचारता का?

दुसरा. एक शिक्षिका विश्वासाने सांगते की नोंदीत सगळी मुलं पुढे गेलेली दिसतात, पण पाचवीतल्या सात जणांना साधा परिच्छेदही वाचता येत नाही. विश्वास जपायचा की वर कळवायचं? इथे माझं मत ठाम आहे. तिचं नाव वर न नेता त्या सात मुलांचा वाचनाचा स्तर तिच्यासोबत बसून तपासायचा, अक्षर, शब्द, वाक्य, परिच्छेद, गोष्ट या क्रमाने, आणि दुसऱ्या दिवसापासून काम सुरू करायचं. खरं सांगणाऱ्या शिक्षकाला त्याची शिक्षा झाली तर त्या केंद्रात पुन्हा कोणी खरं सांगणार नाही.

तिसरा. फिरतीची दैनंदिनी उघडा आणि मागच्या दोन महिन्यांत कुठल्या शाळेत किती वेळा गेलात ते मांडा. रस्त्यालगतच्या शाळा आणि शेवटच्या वस्तीवरची द्विशिक्षकी शाळा यांच्या आकड्यांत फरक असेल तर ‘समता’ हा शब्द लिहिण्याआधी पुढच्या महिन्याचं नियोजन बदला.

इथे एक गोष्ट वेगळी ठेवायला हवी. काही बाबी वैयक्तिक मूल्यांवर सोडलेल्याच नाहीत. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करायला बंदी आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं कळलं तर पोक्सो कायदा २०१२ नुसार ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘शिक्षकाचा विश्वास’ हे कारण तिथे चालत नाही. ही मर्यादा शिक्षकांना पहिल्याच भेटीत सांगून ठेवा. नंतर सांगितली तर ती धमकी वाटते.

उत्तरं लिहून झाली की दोन किंवा तीन मूल्यं निवडा आणि प्रत्येकाखाली लिहा: यासाठी मी काय सोडायला तयार आहे? कशावरही पाणी सोडायची तयारी नसेल तर ते मूल्य अजून फक्त आवड आहे.

७. एक पान तयार करा आणि शिक्षकांना वाचून दाखवा

आतापर्यंतचं सगळं तुमच्या वहीत होतं. आता एक पान बाहेर काढायचं. फार सजवू नका. माझं पान साधारण असं होतं:

‘मी गणितातल्या मुलांच्या चुका तुमच्यासोबत बसून वाचू शकते. पाठ करून दाखवेन, पण तुम्ही बोलावलंत तर आणि आपण दोघांनी वाटून घेतलेला भाग. एका भेटीत एकच गोष्ट ठरवू. मी भराभर बोलते. मधेच थांबवायची तुम्हाला मुभा आहे. वर्गात बसले असताना फोन बॅगेत राहील. लॉगबुकात जे लिहीन ते आधी तुम्हाला वाचून दाखवेन. मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आला तर मी गप्प राहू शकणार नाही. भाषेच्या अडचणी मला नीट सोडवता येत नाहीत, त्यासाठी दुसऱ्या साधनव्यक्तीशी जोडून देईन.’

शेवटचं वाक्य वगळू नका. आपल्याला काय येत नाही हे सांगितलं की शिक्षक त्यांना काय येत नाही ते सांगायला लागतात.

हे पान शिक्षण परिषदेत एकदम सगळ्यांना देण्यापेक्षा शाळेत गेल्यावर दोन-तीन शिक्षकांसोबत बसून वाचा. जुने गुरुजी विचारतील, ‘हे कुठल्या परिपत्रकात आहे?’ कुठल्याच नाही, हे तुमचं तुम्ही ठरवलंय असं सरळ सांगा. त्यांनाही विचारा की तुमच्या वर्गात मी कशासाठी यावं असं वाटतं. उत्तर वहीत लिहा आणि पुढच्या भेटीला तिथूनच सुरू करा.

वरिष्ठांनाही या पानाची कल्पना द्या, विशेषतः वर्गात फोन न घेण्याची. ‘बारा ते एक मी वर्गात असते, माहिती दीडपर्यंत देते’ असं आधी सांगितलेलं असलं की बहुतेक वेळा निभतं. सगळ्याच वेळी निभणार नाही. निभलं नाही तर त्या दिवसाची नोंद करा, म्हणजे महिनाअखेरीला किती वेळ कुठे गेला ते आकड्यांत बोलता येतं.

८. महिन्याचा आणि सत्राचा आढावा

दर महिन्याला अर्धा तास पुरतो. त्या महिन्यातले दोन प्रसंग, एक जमलेला आणि एक न जमलेला. कुठलं बलस्थान वापरलं, कुठे ते अति झालं. दैनंदिनीतल्या भेटींचा हिशेब. बस.

दिवाळीच्या सुट्टीत आणि उन्हाळ्यात एकदा त्या विश्वासू सोबत्याबरोबर बसा. त्याने सल्ला द्यायचा नाही, तुमच्या नोंदी वाचून प्रश्न विचारायचे, एवढाच नियम ठेवा. तुम्हीही त्याच्यासाठी तेच करा.

या आढाव्यात तीन चुका हमखास होतात. एक, वही वरिष्ठांना दाखवायला लिहिल्यासारखी सुबक होत जाते. सुबक झाली की खरेपणा गेला समजा. दोन, न जमलेले प्रसंग त्याच दोन शिक्षकांचे येत राहतात. तसं झालं तर त्यांच्याकडे तुमच्याऐवजी दुसऱ्या साधनव्यक्तीने जाऊन पाहावं, कधी कधी अडचण जोडीची असते. तीन, बलस्थानं एकदा ठरली की ती कायमची धरली जातात. केंद्र बदललं, विषय बदलला, पहिली-दुसरीऐवजी सहावी-सातवीचं काम आलं, की पायरी २ पासून पुन्हा सुरू करा. लहान वर्गांत कामी येणारा गोडवा उच्च प्राथमिकच्या विज्ञान शिक्षकांसमोर तसाच चालेल असं नाही.

बदली झाली तर वही सोबत न्या. नवीन येणाऱ्याला द्यायची असतील तर तीनच गोष्टी द्या: शाळानिहाय भेटींचा हिशेब, शिक्षकांसोबत ठरलेल्या आणि अजून चालू असलेल्या कामांची यादी, आणि ज्या मुलांच्या वाचनाचे व गणिताचे स्तर तपासले त्यांची ताजी नोंद. शिक्षकांनी विश्वासाने सांगितलेलं त्यात येऊ देऊ नका. ते नव्या माणसाला त्यांनीच सांगावं, सांगावंसं वाटलं तर.